नुसतं बघायला आलोय

'नुसतं बघायला आलोय' असं म्हणणारा माणूस दारात उभा राहिला तर त्याला काय म्हणायचं? आत ये म्हणायचं, का आधी कशासाठी ते विचारायचं? प्रश्न पोरकट वाटेल. पण दोस्तांनो, जमिनीखालच्या सोन्याचा सगळा व्यवहार ह्या एका वाक्यावर उभा आहे. खाण हा पुढचा भाग. खाण आली की मोर्चा निघतो, लाठी चालते, पेपरात फोटो येतो. त्याच्या कितीतरी वर्षं आधी एक जीप येते, दोनचार शिकलेली माणसं उतरतात, हातोडीनं दगड फोडून पिशव्या भरतात, ओढ्याची रेती घेतात नि जातात. मग कधीतरी मशीन येतं. विचारलं की सांगतात, काही नाही, सर्व्हे आहे. ह्या 'काही नाही'बद्दल मला बोलायचंय.

मी गिरणीत रिंगखात्यात काम करतो. शाळा लवकर सुटली, जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. गाव पोशेरा, तालुका मोखाडा. आमच्याकडं सोनं नाही. खाली सगळा काळा फत्तर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात सोन्याची शीर हुडकायला कुणी शहाणा येणार नाही. आमच्याकडं भोक पाडणारी गाडी येते ती पाण्यासाठी. उन्हाळ्यात तालुक्यात टँकर फिरतात, बायाबापड्या रात्रीच्या विहिरीच्या काठावर झिरप्याची वाट बघत बसतात. आणि ह्याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच. २०१४ साली लोकार्पण झालं, पाणी मुंबईला जातं. धरण बांधायच्या आधी खोऱ्यातला दगड अशीच भोकं पाडून तपासतात. पाया धरेल का, पाणी गळेल का, हे दगडाला विचारतात. म्हणजे आमचं सोनं पाणी होतं. कुणीतरी येऊन ते बघितलं, मोजलं, नि ते गेलं. एवढ्या भांडवलावर पोशेऱ्याचा माणूस सोन्याच्या भोकाविषयी बोलू शकतो, असं मी धरून चालतो.

महाराष्ट्रात सोन्याची खूण आहे ती विदर्भात. तिथं आमच्या फत्तरापेक्षा कितीतरी म्हातारा खडक आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या त्या साकोली पट्ट्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी परसोडीसारख्या ठिकाणी सोनं असल्याचं नोंदवलं. २०२२ साली त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर सांगितलं की चंद्रपूर नि सिंधुदुर्गातही सोन्याचे साठे असल्याचा केंद्राचा अहवाल आहे. पेपरांनी मोठ्या टायपात छापलं. देशात वर्षाला जेमतेम दीड टनाच्या आसपास सोनं निघतं, तेही मुख्यतः कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीतून. बाहेरून येतं ते सात-आठशे टन. तेव्हा सरकारची लाळ का गळते हे कळायला अर्थशास्त्र नको.

आता हे बघणं कसं असतं ते बघा. मला यंत्राचं वेड आहे म्हणून सांगतो. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याची कणी बसवलेली असते. ती फिरत फिरत खाली जाते, वरून पाणी सोडतात, आणि नळीच्या पोटात दगडाचा अखंड दांडा राहतो. त्याला कोर म्हणतात. मीटर मीटरनं तो लांबट पेट्यांत मांडतात, पेटीवर भोकाचा नंबर नि खोली लिहितात. मग दांडा उभा चिरतात. अर्धा पेटीत ठेवतात, अर्धा कुटून पीठ करतात. त्या पिठात शिशाची भुकटी नि टाकणखार घालून मूस भट्टीत टाकतात. शिसं सोनं-चांदी ओढून घेऊन तळाशी बसतं. तो गोळा राखेच्या वाटीत तापवला की शिसं वाटी पिऊन टाकते. मागं उरतो मोहरीपेक्षा बारीक मणी. चांदी काढून तो तोलतात. आणि हिशेब येतो, टनामागे दोन ग्रॅम, तीन ग्रॅम. टनाला दोन ग्रॅम म्हणजे एक तोळ्याच्या मंगळसूत्राला पाच टन दगड, तोही सगळं सोनं हाती लागलं तर. त्याच्या वरची माती, मुरूम, झाड, वावर, घर ह्याला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे. ओव्हरबर्डन. वरचं ओझं.

हा शब्द ऐकला की मला आपली वस्ती आठवते. गावानं आपल्याकडं हजारो वर्षं असंच बघितलं की. ह्याच्यात आपल्या कामाचं काय? मेलेलं ढोर ओढायला हात आहेत, दवंडीला गळा आहे. तेवढं घ्या. बाकीचा माणूस म्हणजे वरचं ओझं. भट्टीची कसोटी खोटी नसते. ती फक्त एकच प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाचं उत्तर जे नाही ते सगळं कचरा ठरवते.

खडकात दुसरंही काही असतं. १९१५ साली बीडन नावाचा गोरा खाण इंजिनियर रायचूरकडं सोनं हुडकत फिरत होता. हट्टीचाच तो मुलूख. मस्कीला त्याला दगडावर कोरलेली अक्षरं दिसली. अशोकाचा लेख निघाला. तोवर इतर लेखांत देवांना प्रिय राजा एवढंच वाचायला मिळायचं, इथं 'अशोक' हे नाव स्वच्छ सापडलं. आणि लेखात सांगितलंय ते असं, की धम्मानं वागलं तर लहान माणसालाही मोठं फळ मिळतं, ते थोरामोठ्यांचीच मक्तेदारी आहे असं समजू नका, लहान-मोठ्या दोघांनाही हे सांगा. तो दगड कुटून मुशीत टाकला असता तर टनामागे किती ग्रॅम निघाले असते?

आपल्या मुलखात सोनं हुडकणारी गरीब जातही होती. झारेकरी. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून, गटारातला गाळ पाण्यात धुऊन कण काढायचे. मुंबईच्या झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत घमेलं घेऊन बसणारी माणसं तेच काम करत आली. तेही बघणंच. पण ते दुसऱ्यानं टाकून दिलेलं बघतात, आणि तिथं बसायलाही शेटजीला विचारावं लागतं. घमेलंवाल्यानं विचारायचं नि मशीनवाल्यानं नाही, ही कुठली रीत?

म्हणाल, भोकानं असं काय होतं? चार बोटं रुंदीचं भोक. हे खरंय की बहुतेक ठिकाणी पुढं काही होत नाही. दहा-वीस भोकं मारतात, कस लागत नाही, पेट्या उचलतात, जातात. पण भोक मारल्याबरोबर जमिनीला एक किंमत चिकटते, नि ती किंमत तिथं राहणाऱ्याला ठाऊक नसते. कॅनडातल्या ब्रे-एक्स कंपनीचं १९९७ साली बिंग फुटलं ते वाचा. बोर्निओच्या जंगलात बुसांग इथं भोकं मारून त्यांनी जगातला सगळ्यात मोठा साठा सापडल्याचं सांगितलं. शेअर बाजारात कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली. मग कळलं की तिथं सोनंच नव्हतं. दगडाच्या पिठात नदीत धुतलेलं सोनं मिसळलं होतं. म्हणजे खाण नाही, सोनं नाही, नुसतं भोक विकलं गेलं, आणि ते विकणारे करोडपती झाले. जंगलात राहणाऱ्याला त्यातलं काय मिळालं असेल ते तुम्हीच ताडा.

आता कायद्याकडं येतो, इथं खरी गंमत आहे. खाणींचा कायदा १९५७ चा. त्यात अगदी पहिल्या पाहणीची व्याख्या होती, त्या पाहणीत खड्डे, चर, ड्रिल साधारण बसत नव्हतं. २०२३ साली दुरुस्ती झाली नि जमिनीत शिरणंही पाहणीत बसवलं. म्हणजे 'बघणं' ह्या शब्दाचा अर्थच वाढवला. त्याच दुरुस्तीनं सोन्यासकट २९ खनिजांसाठी खाजगी कंपन्यांना शोधाचा परवाना ठेवला. शोधणाऱ्याला सापडलेल्या खाणीच्या लिलावातून वाटा. त्याच वर्षी जंगलाचा कायदा बदलला. केंद्राच्या अटींवर अशी पाहणी जंगलात केली तर ते जंगलाबाहेरचं काम धरायचं नाही. दोन कायदे, एक वर्ष. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा गावाला मिळायचा तो खाणीचे पट्टे सुरू झाल्यावर. बघण्याच्या वर्षांत गावाच्या वाट्याला धूळ.

आणि पेसा? मोखाडा, जव्हार अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की गौण खनिजाच्या शोधाला नि पट्ट्याला ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागेल. गौण म्हणजे वाळू, मुरूम, खडी. सोनं गौण नाही, ते मुख्य. तेव्हा खडीसाठी गावाला विचारा, सोन्यासाठी ह्या कलमानं विचारायची गरज नाही. जितकी वस्तू महाग तितकी गावाची अक्कल कमी, असा हा हिशेब.

आमच्यातलाच एक कार्यकर्ता दोस्त ह्यावर मला झापतो. तो म्हणतो, "तू कधीपासून जंगल-जमीनवाल्यांची गाणी म्हणायला लागलास? जमीन आपली होती कुठं? धरणीमाता म्हणणारा सातबारावाला. आपण तिच्यावर राबलो. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत गावाचे वाभाडे काढले होते ते विसरलास? खाण येऊ दे, कारखाना येऊ दे. रोकड मजुरी येईल, जोहार जाईल. तू स्वतः गिरणीत गेलास म्हणून माणसात आलास ना?"

हे खोटं नाही, म्हणून ते मला झोंबतं. कोलारचंच घ्या. १८८० पासून गोऱ्यांच्या कंपनीनं तिथं सोनं काढलं. खाली उतरणारे बहुतेक तमिळ दलित. तीन किलोमीटरहून खोल गेले. तिथं खडक फुटतो, छातीत दगडाची धूळ बसते. पण त्याच खाणकामगारांनी शाळा काढल्या, मारिकुप्पमला बौद्ध संघटनेची शाखा उभी केली. अयोती दास पंडितांची ती चळवळ, आपल्या धर्मांतराच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीची. गावच्या पाटलाच्या दारात राहून हे झालं असतं? नसतं झालं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडच्या कोळसा खाणी बघायला गेले, खाली उतरून बघितलं. त्यांनी खाणी बंद करा म्हटलं नाही, कामगाराचं काय ते विचारलं. आणि कोलारला शेवटी काय राहिलं तेही बघा. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद. सायनाईड लावून सोनं काढलेल्या मातीच्या टेकड्या राहिल्या, वारा सुटला की त्या वस्तीवर येतात.

तेव्हा मी जमिनीला माता म्हणून अडवत नाही. माझी ती माता नाही, माझ्या बापाला तिनं कधी मांडीवर घेतलं नाही. माझा मुद्दा दुसरा आहे. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितलं की चवदार तळ्याचं पाणी पिल्यानं आपण अमर होणार नाही, आजवर पिलो नाही म्हणून मेलोही नव्हतो. जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला. भोकाचंही तेच. प्रश्न चार बोटं जमिनीचा नाही. ज्याला विचारलं जात नाही तो माणूस राहत नाही, तो खडकाचा भाग होतो. आणि पहिल्या भोकाला विचारलं नाही तर शेवटच्या भोकाला विचारणं हे नाटक असतं. तोवर पैसा गुंतलेला असतो, आकडा ठरलेला असतो, मंत्र्यानं भाषण ठोकलेलं असतं. मग जनसुनावणीचा मांडव टाकतात. त्या मांडवात 'नाही' म्हणायला जागाच नसते, नुकसानभरपाई किती एवढंच बोलायचं.

आणि विचारायचं कुणाला? सातबारावर नाव आहे त्याला विचारलं तर आपण पुन्हा वेशीबाहेर. म्हणून मला ग्रामसभा महत्त्वाची वाटते. तिथं वावर लागत नाही, मतदार यादीत नाव लागतं. मोखाड्यात शंभरातली नव्वदाच्या वर माणसं आदिवासी, आपली घरं थोडी. आपल्याला तिथं बहुमत कधीच मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी पाटलाच्या ओसरीपेक्षा ती बरी. तिथं मला उभं राहून बोलता येतं, नि बोललेलं इतिवृत्तात लिहा म्हणता येतं.

दोस्त म्हणाला, "आणि ग्रामसभेनं नाही म्हटलं तर? ऐकतं कोण?" मी म्हटलं, ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांना विचारायला लावलं. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. वेदांतची बॉक्साइटची खाण तिथं झाली नाही. तो म्हणाला, "ते कोर्टापर्यंत गेले म्हणून. आणि उद्या आपल्याच पोरांनी नोकरीसाठी हो म्हटलं तर?" तर हो. माझी हरकत नाही. पण कुठल्या टप्प्याची पाहणी, किती भोकं, किती खोल, अर्धा कोर कुठल्या गोदामात जाणार, कसाचा आकडा गावाला कधी कळणार, भोक बुजवणार कोण, हे आधी वाचून दाखवायचं. मराठीत, आणि वारल्यांना, कातकऱ्यांना कळेल अशा बोलीत. त्यावर हो.

त्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, भुकेल्याला असलं चोचलं परवडत नाही, आधी भाकर मग मान. मी म्हणतो, तू ते कागदावर उतरव. पुढच्या अंकाची स्टेन्सिल कापायच्या आधी चार पानं दे, माझ्या विरोधात असली तरी छापू.