वांचविलेला पैसा कोणाचा?

काटकसर हा सद्गुण आहे, ह्याविषयीं आमच्या वाचकांत दुमत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें उत्पन्न थोडें त्यानें खर्चही थोडा करावा, आणि जें घरीं होण्याजोगें आहे तें बाजारांतून आणूं नये, हा उपदेश आपण सर्वांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकिला आहे, व आपणही तो मुलांबाळांस करितों. परंतु एखादी गोष्ट सद्गुण ठरली म्हणजे तिची परीक्षाच करावयाची नाहीं असें नव्हे. ज्या सद्गुणाची स्तुति फार होते त्याची परीक्षा वारंवार केली पाहिजे. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एक साधा प्रश्न ठेवितों: घरीं जिन्नस केल्यानें जो पैसा वांचतो, तो कोणाच्या कष्टानें वांचतो, आणि वांचल्यावर तो कोणाचा होतो?

प्रथम काटकसरीच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें म्हणूं. आज लहानशा खेड्यांतील दुकानाच्या दारावरही रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात. मसाला, शेवया, लोणचें, तळलेला खाऊ, सर्व कांहीं पांच-दहा रुपयांच्या पुडींत मिळतें. दहा रुपये म्हणजे कांहींच नव्हे, असें आपणांस वाटतें. परंतु दहा रुपयांच्या दोन पुड्या रोज घरांत आल्या तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. आणि ही रक्कम एकदम मोजून द्यावी लागती तर आपण त्या दुकानाची पायरी चढलों नसतों. त्या पुडीच्या किंमतींत आंतील जिनसाखेरीज वरील वेष्टनाची, गाडीभाड्याची, जाहिरातीची व मधल्या दोन-तीन हातांच्या नफ्याची किंमत असते. शिवाय विकतच्या तिखटांत मिरचीबरोबर आणखी काय दळलें आहे, हें घेणाऱ्यास कळत नाहीं.

ह्याच्या उलट घरची रीत पाहा. शेतांत तूर झाली म्हणजे ती भिजवून, तांबडी माती लावून, उन्हांत वाळवून जात्यावर भरडतात. डाळ घरांत राहते व चुणी गुरांपुढें जाते. डाळीस थोडें एरंडेल चोळून ठेविलें म्हणजे तिला कीड सहसा लागत नाहीं. कणगींतील धान्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. दुधाचें दहीं होतें, दह्याचें लोणी आणि ताक; लोण्याचें तूप होतें, आणि ताक तर खेड्यांत शेजाऱ्यास विकावयाचें नसतें, द्यावयाचेंच असतें. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पापड, सांडगे व कुरडया वाळतात आणि पावसाळ्यांत भाजी महागली म्हणजे कामास येतात. एकाच जिनसांतून दोन-तीन उपयोग निघतात व कांहीं वायां जात नाहीं. अशी रीत मोडून सर्वस्वीं दुकानावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं, हें आम्ही निःसंकोच म्हणतों.

परंतु ह्या चित्रांत एक माणूस आहे, व बहुधा आपण त्याच्याकडे पाहात नाहीं. कांहीं वर्षांमागें वैशाख महिन्यांत आम्ही एका शेतकऱ्याच्या घरीं गेलों होतों. अंगणांत बाजेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. घरधन्यानें त्यांजकडे बोट दाखवून मोठ्या अभिमानानें सांगितलें, "अहो, आमच्या घरांत विकतची पुडी म्हणून येत नाहीं. सगळें घरचं, सगळें फुकट." त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. आम्हीं तीस सहज विचारिलें, "वहिनी, ह्या सगळ्यांत वर्षाकांठीं किती पैसे वांचत असतील?" ती म्हणाली, "तें ह्यांनाच विचारा. वांचलेला पैसा मी कुठं बघितलाय?" आणि ती हसत आंत गेली. घरधनी चांगला माणूस होता. व्यसनी नव्हता, भांडखोर नव्हता. तरी त्या उत्तरानें तो क्षणभर गप्प झाला, आणि आम्हीही गप्प झालों. कारण आमच्या घरींही हा प्रश्न आम्हीं कधीं विचारिला नव्हता.

ज्यांनीं कुरडई केवळ ताटांत पाहिली आहे त्यांस तिच्यामागील खटाटोप ठाऊक नसतो. गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे व रोज पाणी बदलावयाचें. मग ते वाटून, पिळून त्यांचा चीक काढावयाचा व रात्रभर निवळूं द्यावयाचा. पहांटे उठून तो मोठ्या पातेल्यांत शिजवावयाचा, आणि गुठळी होऊं नये म्हणून हात दुखला तरी ढवळीत राहावयाचें. चीक गरम आहे तोंच सोऱ्यांत भरून कुरडया घालावयाच्या, आणि दिवसभर पाखरें राखावयाचीं. हें सर्व रोजचें पाणी, भाकरी, गुरें, मुलें व शेतांतील काम संभाळून करावयाचें असतें. इतकें सारें 'फुकट' ह्या तीन अक्षरांत बसविणें ही हिशेबाची चूक आहे, आणि न्यायाच्या दृष्टीनें तर ती त्याहून मोठी चूक आहे.

सरकारनें २०१९ सालीं देशांतील लोकांच्या वेळेची जी पाहणी केली तिच्यांत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा ८१ जणी घरचें बिनमजुरीचें काम करीत असल्याचें आढळलें; पुरुषांपैकीं शेंकडा २६. जे हें काम करीत होते त्यांच्यांतही स्त्रीचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटें व पुरुषाचा ९७ मिनिटें होता. म्हणजे एकीचे जवळजवळ पांच तास, तर दुसऱ्याचे दीड तासाहून किंचित् अधिक. घरची काटकसर कोणाच्या खांद्यावर उभी आहे, हें ह्या आंकड्यांवरून समजतें.

ह्या श्रमांस मोल नाहीं असें कोणी म्हणेल, तर त्यास आम्ही एक उदाहरण देतों. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. 'लिज्जत' ह्या नांवानें पुढें देशभर पसरलेला उद्योग तो हाच. त्या स्त्रियांस पापड लाटण्याचें कांहीं नवें शास्त्र शिकावें लागलें नाहीं. जें त्या आपापल्या घरीं करीत होत्या तेंच त्यांनीं तेथें केलें. फरक इतकाच कीं, तेथें पापड मोजले गेले, लाटणारीच्या हातीं मजुरी आली, आणि नफ्यांत तिला वांटा मिळाला. पापड तोच, लाटणें तेंच, मनगटही तेंच. मग जे श्रम गच्चीवर मोलाचे, ते अंगणांत बिनमोल कसे?

ह्यावर कोणी म्हणेल, "घर म्हणजे कारखाना नव्हे. आई मुलांसाठीं जें करिते त्याची मजुरी कोण देणार? मायेस पैशांत मोजलें तर माया उरेल काय?" हा आक्षेप क्षुद्र नाहीं, व आम्ही त्यास हसण्यावारी नेत नाहीं. मायेनें केलेल्या कामाची किंमत चुकती करितां येत नाहीं, हें खरें. परंतु किंमत चुकती करणें निराळें आणि काम ओळखणें निराळें. जें आपण मोजीत नाहीं त्याची आपण उधळपट्टी करितों. पाण्याचें असें होतें, आणि माणसाच्या बळाचेंही असेंच होतें. शिवाय देणाऱ्यानें हिशेब न ठेवणें ही माया. घेणाऱ्यानें हिशेब न ठेवणें ह्यास माया म्हणत नाहींत, बेपर्वाई म्हणतात.

तर मग काय करावें? पापड लाटणें सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. घरीं एखादा जिन्नस करावा कीं विकत घ्यावा, हें ठरवितांना तीन प्रश्न विचारावे, इतकेंच आमचें सांगणें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, ह्या कामानें पैसा वांचतो कीं केवळ शरीर झिजतें? आपल्या आया-आज्या पहांटे उठून जात्यावर रोजचें पीठ दळीत. त्या वेळीं त्यांनीं गाइलेल्या ओव्या गी प्वातवाँ व हेमा राईरकर ह्यांनीं खेडोपाडीं हिंडून गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या ओव्यांत जिव्हाळा आहे, तसा दळणाचा शीणही आहे. पुढें गांवांत गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. दळणाचे पैसे पडूं लागले. पण म्हणून गिरणी ही उधळपट्टी असें आज कोण म्हणेल? कांहीं खर्च असे असतात कीं त्यांनीं पैसा जातो आणि माणूस वांचतो. ऊसतोडणीसाठीं बीड जिल्ह्यांतून दूरच्या कारखान्यांवर जाणारी, कोपींत राहून अंधारांत फडावर निघणारी स्त्री जर तयार मसाल्याची पुडी घेईल, तर तीस काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तिच्यापाशीं अंगण नाहीं, ऊन पाहात बसण्यास वेळ नाहीं, आणि तिची झोप त्या पुडीहून महाग आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, हें काम कोण कोण करितें? खाणारे सहा आणि खपणारी एक, अशी जेथें स्थिति आहे तेथें ती घराची काटकसर नव्हे. ती एकीची मजुरी पांचांनीं बुडविली असें होतें. चीक ढवळण्यास बळकट हात लागतो. तो पुरुषाचा असला तर कुरडई कांहीं बिघडत नाहीं. पाखरें राखावयास मुलगीच बसावी आणि मुलानें खेळावयास जावें, असा नियम कोणींही घालून दिलेला नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो शीर्षकांतच आहे: वांचलेला पैसा कोणाच्या हातीं जातो? पुष्कळ घरीं तो कोणासच दिसत नाहीं. दुकानांत न गेलेला पैसा तंबाखूंत, चहांत, लग्नाच्या थाटांत विरून जातो, आणि वैशाखांत पुन्हा त्याच बाईनें पहांटे उठावयाचें असतें. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायांत जी सद्गुणी स्त्री वर्णिली आहे तिच्या कष्टाळूपणाचा दाखला आपण मुलींस नेहमीं देतों. पण ती केवळ सूत कांतून व रात्रीं उठून थांबत नाहीं. ती विचार करून शेत विकत घेते, व स्वतःच्या मिळकतीनें मळा लाविते. त्या अध्यायाचा शेवटही तिच्या श्रमाचें फळ तीस देण्याच्या सांगण्यानेंच होतो. आपण त्यांतला कष्टाचा भाग घेतला आणि शेताचा भाग सोडून दिला. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथील मुक्तिसदनांत विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतें व छापखाना चालविला; त्यांतही हाच हेतु होता कीं, हातांनीं काम करणारीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें.

म्हणून आमची सूचना फार लहान आहे. प्रत्येक घरांत दोन रकान्यांची एक वही असावी. पहिल्या रकान्यांत, जो जिन्नस घरीं झाला त्याची बाजारांतील किंमत लिहावी. दुसऱ्यांत, त्यास लागलेला कच्चा माल आणि ज्यानें काम केलें त्याचें नांव व वेळ लिहावा. लिहितां येणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें ती वही ठेवावी, व महिनाअखेर सर्वांनीं मिळून ती ऐकावी. जें वांचलें असेल त्याचा ठरलेला वांटा करणारीच्या नांवें डाकघरांत अथवा बचतगटांत टाकावा; रक्कम लहान असो, पण ती तिची असो. एवढें केलें तर दोन गोष्टी कळतील. कोणतें काम घरीं करण्यांत खरा लाभ आहे हें कळेल, आणि 'फुकट' हा शब्द आपण किती सहज बोलत होतों हेंही कळेल.

पुढच्या वैशाखांत अंगणांतील बाजेवर पुन्हा कुरडया वाळतील. त्या वेळीं घरीं आलेल्या पाहुण्यानें घरधनिणीस "किती वांचलें?" असें विचारिलें, तर उत्तर तिच्या तोंडांत तयार असावें, आणि तें देण्यास तीस आंत जावें लागूं नये, इतकीच आमची इच्छा आहे.