भाऊबीजेनंतरचा सेल

भाऊबीज झाली की पुण्याच्या खडकी बाजारात सेलच्या पाट्या लागतात. बोनसमधले थोडे पैसे उरलेले असतात, पाय वळतोच. वळू द्या, थंडीचा स्वेटर आत्ताच घ्यावा. पण सूट नेमकी कोणत्या किमतीवर, ते विचारा. शिवण उलटून पाहा. आणि पक्कं बिल घ्याच!

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाचून गप्प बसू नका. वस्तू सदोष निघाली, तर बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, ती परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.