पुंडलिकाचे मायबाप

पुंडलिकाची कथा आपल्याला काही नवी नाही. आजीच्या मांडीवर ऐकली, पुढे कीर्तनात ऐकली, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून मनात आठवली. पुंडलिक मायबापांचे पाय चेपीत बसला आहे, दारात परमात्मा आला आहे, आणि सेवा न सोडता पुंडलिकाने वीट भिरकावून देवाला थांबायला सांगितले आहे. देव त्या विटेवर उभा राहिला, तो आजतागायत उभाच आहे. या कथेत आपण पुंडलिकाला वाखाणतो, देवाची भक्तवत्सलता वाखाणतो, विटेचेसुद्धा भाग्य वाखाणतो. पण त्या घरात आणखी दोन जीव होते. जानुदेव आणि सत्यवती अशी त्यांची नावे परंपरेने सांगितली आहेत. त्यांच्याविषयी कोणी दोन शब्द बोलतो का?

जरा विचार करून पाहा. त्या म्हाताऱ्याने पाय मागे ओढून घेतले असते, "राहू दे रे बाबा, मी काय अजून लुळा झालो नाही," असे म्हटले असते, तर सेवा घडली असती कोठे? आणि सेवाच नाही तर देव थांबला असता कशासाठी? शिवाय हा मुलगा कोणता? ज्याने आधी आईबापांना छळले होते तोच. काशीच्या वाटेवर कुक्कुटऋषींच्या आश्रमात त्याला उपरती झाली आणि तो मायबापांच्या पायांशी आला. ज्याने दुखावले त्याच्याच हाताने पाय चेपून घ्यायचे, आणि मागचे एक अक्षर काढायचे नाही, हे का सोपे आहे? आम्हांला तर वाटते, पुंडलिकाच्या सेवेइतकेच त्या दोघांचे सेवा घेणे मोठे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, आमच्या ओळखीतल्या पुष्कळ वृद्ध वारकऱ्यांचे दुःख नेमके येथेच आहे. डोळे अधू झाले, दात गेले, याचे त्यांना फारसे काही वाटत नाही. दुःख एकच, की आपण आता दुसऱ्याला भार झालो.

आमच्या दिंडीत एक विणेकरी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. चाळीसच्या वर वाऱ्या पायी झालेल्या. दिवेघाट चढताना तरुण पोरे धापा टाकीत, पण अण्णांचा वीणा खांद्यावरून उतरत नसे. पुढे गुडघे गेले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, आणि अण्णा घरी ओट्यावर. त्या वर्षी ते कोणाशी धड बोलले नाहीत. सून धोतर धुवायला मागे, ते देत नसत. नातू पाण्याचा तांब्या आणी, तर हे भिंत धरून उठणार आणि स्वतःच्या हाताने माठातले घेणार. एकदा पडलेसुद्धा.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "माउली, जन्मभर पंगतीत वाढले. आता आपणच पाटावर बसून वाढून घ्यायचे, हे काही गळी उतरत नाही."

आम्ही म्हटले, "अण्णा, वारीत माणूस तुमच्या पाया पडला म्हणजे तुम्ही काय करीत होता?"

"काय करणार? मीही त्याच्या पाया पडत होतो."

"पण आधी त्याला पडू देत होता ना? पाय मागे घेत नव्हता?"

"छे! पाय मागे घेतले तर त्याचा नमस्कार कोठे जाईल?"

एवढे बोलून अण्णा गप्प झाले, आणि मग स्वतःच हसले.

खरोखर, वारी आपल्याला काय शिकविते ते पाहा. तेथे लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठा लहानाच्या. वाटेवरच्या गावची मंडळी वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळतात, भाकरी वाढतात, आणि आपण ते माउलींचा प्रसाद म्हणून घेतो. तेथे कोणाला भार झाल्यासारखे वाटत नाही. मग तीच भाकरी सुनेने वाढली, तेच तेल मुलाने चोळले, तर लाज कसली? वाटेवरच्या परक्या माणसात पांडुरंग दिसतो आणि घरच्या माणसात दिसू नये, असे का बरे व्हावे?

कोणी शंका घेईल की, मग म्हाताऱ्याने नुसते खाटेवर पडून सेवा करून घ्यावी काय? तसे आम्ही म्हणत नाही. हात चालतो तोवर चालवावा. जुन्या मंडळींच्या गळ्यात अभंगांच्या ज्या चाली आहेत त्या पुस्तकात कोठे मिळणार? संध्याकाळी नातवंडांना जवळ घेऊन हरिपाठ म्हटला, चाल चुकली तेथे थांबवून पुन्हा म्हणवून घेतली, तर तीही वारीच. (एक व्यवहाराची गोष्ट जाता जाता. साखरेचा विकार असलेल्या वृद्धांनी एकादशीला डॉक्टरांना न विचारता निराहार राहू नये, आणि साबुदाण्यावर ताव मारू नये. देव उपाशी पोटाकडे पाहत नाही, भावाकडे पाहतो.)

नुसती वर्षे साठली म्हणजे शहाणपण येते असेही नाही. चांगदेवांची कथा प्रसिद्धच आहे. चौदाशे वर्षांचे योगी, पण माउलींना पत्र लिहिताना मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून कोराच कागद पाठविला. मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. पण आम्हांला त्या कथेतला पुढचा भाग अधिक आवडतो. तो वृद्ध योगी त्या लहानशा मुलीपुढे नम्र झाला, तिला त्याने गुरू केले. चौदाशे वर्षांचे ओझे खाली ठेवून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्याचे काम झाले.

आणि हे शिक्षण म्हातारपणी सुरू करून भागत नाही. माउलींनी ज्ञानेश्वरी पुरी केली ती शके १२१२ मध्ये, वय अवघे पंधरा वर्षांचे. समाधी शके १२१८ मध्ये. म्हणजे म्हातारपण त्यांनी स्वतः पाहिलेच नाही. तरी तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना, आजच्या या डोळ्यांचे, कानांचे, हातापायांचे पुढे काय होणार, हे ज्ञानी पुरुष तरुणपणीच कसे पाहून ठेवतो याचे त्यांनी केवढे विस्ताराने वर्णन केले आहे! ते भिवविण्यासाठी नव्हे. पाहुणा येणार हे ठाऊक असले म्हणजे घर झाडून ठेवता येते, तद्वत्.

आता तरुण वाचकांसाठी. आईबापांचा सांभाळ मुलांनी करावा यासाठी २००७ साली देशात कायदा करावा लागला. आईबाप न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. पुंडलिकाच्या देशात हे लिहिताना हात जड होतो. पण ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्या वृद्धांनी मागण्यात कमीपणा मानू नये, उपाशी राहून मुलाची अब्रू झाकण्यात परमार्थ नाही.

नामदेवरायांचे उदाहरण सांगून थांबतो. माउलींच्या समाधीनंतर चौपन्न वर्षे ते राहिले. शके १२७२ मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला. सखा तो देवाचा, मागितले असते तर गाभाऱ्याजवळही जागा मिळाली असती. त्यांनी महाद्वारातली पायरी मागितली. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्याला मिळावी, एवढीच इच्छा. आयुष्यभर कीर्तनात वाटीत आले, आणि शेवटी घेण्याच्या जागी जाऊन बसले.

येत्या वारीला निघताना ज्यांच्या घरी चालू न शकणारे वडीलधारे असतील, त्यांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवून "पांडुरंगाला काय सांगू?" असे विचारावे. निरोप नीट ऐकावा, लांबला तरी ऐकावा. परत आल्यावर बुक्का प्रथम त्यांच्या कपाळी लावावा. आणि वडीलधाऱ्यांनो, आपणांस एकच विनंती. त्या वेळी पाय मागे घेऊ नका.