अज्ञानाची सोय

अज्ञानानें मनुष्य दोषमुक्त होतो काय, हा प्रश्न धर्मशास्त्रज्ञांनीं व कायदेपंडितांनीं पुष्कळ चर्चिला आहे. जुन्या घराची डागडुजी करतांना भिंतीवरील रंगांत शिसें आहे कीं नाहीं हें तपासावें कीं न तपासावें, ह्या वरवर क्षुद्र दिसणाऱ्या बाबींत तोच प्रश्न आपल्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहतो.

शिशाचा सफेता हा एके काळीं रंगाऱ्यांचा आवडता पदार्थ होता. कारण तो लांकूड उत्तम झांकतो व वर्षानुवर्षें टिकतो. मुलांना होणाऱ्या विषबाधेचें मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगांत आहे, असें ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ सालींच सांगितलें होतें. अमेरिकेंत मात्र घरगुती रंगांतील शिशावर बंदी येण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. तत्पूर्वींचीं असंख्य घरें तेथें आजहि उभीं आहेत.

त्या देशानें १९९२ मध्यें कायदा केला कीं, जुनें घर विकणाऱ्यानें वा भाड्यानें देणाऱ्यानें शिशाविषयीं आपणांस जें ठाऊक असेल तें समोरच्यास सांगावें. परंतु मालकानें स्वतः तपासणी केलीच पाहिजे, असें हा कायदा म्हणत नाहीं. परिणाम विचित्र होतो. ज्यानें तपासलें त्याला बोलावें लागतें. ज्यानें डोळे मिटून घेतले तो मोकळा! येथें अज्ञान हें दुर्दैव राहत नाहीं. ती एक सोय होते.

यावर कोणी म्हणेल, 'जगांतील प्रत्येक धोका शोधीत बसलें तर संसार कोणी करावा?' आक्षेप खोटा नाहीं. शाबूत रंग भिंतीवर निमूट असतो, तोंवर त्याचें भय थोडें. परंतु घासकागद हातीं घेतला कीं स्थिति पालटते. थराची धूळ होते, ती जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या बालकाच्या हातावाटे त्याच्या तोंडांत जाते. वाढत्या मेंदूला त्यामुळें होणारी हानि बहुधा भरून निघत नाहीं. घासणाऱ्या मजुराच्या श्वासांतहि तीच धूळ जाते. तेव्हां जाणून घेण्याचें कर्तव्य घर जुनें आहे एवढ्यानेंच उत्पन्न होत नसून, ती धूळ आपण उडवितों म्हणून उत्पन्न होतें.

क्ष-किरणांच्या यंत्रानें भिंत न खरवडतां शिसें मोजतां येतें. रंगाची कपची प्रयोगशाळेकडेहि पाठवितां येते. ज्यास तेंहि परवडत नसेल, त्यानें शिसें आहे असेंच धरून चालावें: पृष्ठभाग ओला करून खरवडावा, खोली बंद करावी, मुलांना दूर ठेवावें. ज्ञान दुर्लभ असेल तेथें सावधगिरी हेंच त्याचें प्रतिनिधित्व करते.

आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशास दर दहा लक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. ती नव्या डब्यांपुरती आहे. आजोबांच्या काळच्या खिडक्यांवरील थर तिच्या कक्षेबाहेर आहेत. जेथें कायदा विचारीत नाहीं, तेथें विचारणारें दुसरें कोण? ज्याला प्रश्न विचारतां येत नाहीं असें मूल घरांत असेल, तर त्याच्या वतीनें तो आपणच विचारला पाहिजे.