विसर पडलेल्या साधकाचा गीतापाठ

गीतेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा रुग्ण असतो, की ज्याच्या अंगाची वेदना वर्षानुवर्षे शमत नाही, रात्रभर निजूनही ज्याला विसावा मिळत नाही आणि बोलता बोलता ज्याचा शब्द हरवतो. रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात. मग घरची मंडळी त्याला आळशी ठरवितात. तो गीतापाठी असेल तर आणखी तीक्ष्ण बोल कानी येतो : ‘श्रद्धा उणी पडली, म्हणून श्लोक विसरला.’ प्रस्तुत लेख या बोलासंबंधी आहे.

मी अशाच रुग्णांपैकी एक आहे. आधुनिक वैद्यक या व्याधीस फायब्रोमायल्जिया म्हणते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९० साली ठरविलेल्या निकषांत सर्वांगाचे दुखणे आणि १८ बिंदूंपैकी ११ ठिकाणी दाबताच होणारी वेदना एवढेच पाहिले जाई. २०१० च्या निकषांत थकवा, विसावा न देणारी झोप आणि स्मरणाचे क्लेश यांचीही गणना झाली. रुग्ण जे सांगत होते ते ग्रंथी लागावयास वीस वर्षे गेली! वेदनेने व्यापलेले चित्त नवी गोष्ट नीट ग्रहणच करीत नाही. जे आत गेलेच नाही ते आठवणार कसे? तथापि विस्मरणाच्या मुळाशी थायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीवही असू शकते. म्हणून वैद्यास न दाखविता केवळ पारायणावर विसंबू नये.

बालपणी गुरुगृही संथा घेऊन मी गीतेचे ७०० श्लोक कंठस्थ केले. चाळिशी उलटल्यावर एके पहाटे अकराव्या अध्यायात वाणी थांबली. पुढचे चरण येईना. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. लिहिलेले पाहून म्हणणारा त्यांपैकी एक. ते वचन मनात इतके रुतलेले, की पोथी उघडण्यापेक्षा मी पाठच सोडला. सहा महिने असे गेले. तो निव्वळ अभिमान होता. मी त्याला शास्त्रनिष्ठा म्हणत होतो.

पुढे अनुवादाच्या निमित्ताने महाभारताचे आश्वमेधिक पर्व हाती आले. गीतेच्या शेवटी, मोह गेला व स्मृती लाभली, असे अर्जुन सांगतो हे आपण जाणता. तोच अर्जुन युद्धानंतर इंद्रप्रस्थी श्रीकृष्णास म्हणतो, की रणभूमीवर आपण सांगितलेले ते सर्व मी विसरलो, पुन्हा सांगा. भगवान रागावतात. ते सर्व तसेच्या तसे पुन्हा सांगणे शक्य नाही, असेही म्हणतात. आणि तरीही सांगावयास बसतात, तीच अनुगीता. प्रत्यक्ष श्रोत्याची ही कथा, मग आमची काय मात्रा? आणि अर्जुनाला तर वेदनेचे निमित्तही नव्हते.

पंधराव्या अध्यायात भगवान सर्वांच्या हृदयात बसलेला स्वतःस म्हणवितात आणि स्मृती, ज्ञान व त्यांचे हरपणे ही तिन्ही आपल्यापासूनच होतात असे सांगतात. भाष्यकारांनी तेथे पुण्यपापाची संगती लाविली आहे. ती मी लपवीत नाही. परंतु तिच्या आधारे शेजारच्या रुग्णाचे पाप मोजण्याचा अधिकार आचार्यांनी कोणास दिलेला नाही. उलट श्रीवैष्णव ज्याला वराहचरमश्लोक म्हणतात त्यात भगवंताचे अभिवचन असे आहे, की जो भक्त शरीरमन स्वस्थ असता माझे स्मरण करतो, तो अंतकाळी काष्ठपाषाणवत् निश्चेष्ट पडला तरी मीच त्याचे स्मरण करीन. ही ओळ अनुवादिताना लेखणी थांबली, हे कबूल करतो.

सहाव्या अध्यायातील युक्त आहारविहाराचा उपदेश मी अनेकांना समजावून दिला होता; स्वतःस लागू केला नव्हता. बरे वाटले की दिवसभर लिहावे आणि मग तीन दिवस अंथरुणास खिळावे, हा क्रम कित्येक वर्षे चालला. आता बऱ्या दिवशीही अर्ध्या तासाने लेखणी खाली ठेवतो. औषधांच्या वेळा, कोणास काय सांगितले, हे सर्व वहीत टिपतो. पाठ पोथी पाहून, पाचच श्लोकांचा. पोथीत मोरपिसाची खूण असते. ती गळून पडली तर पत्नी सांगते, ‘काल सोळाव्याच्या सुरुवातीला थांबला होतात.’ कधी तिचेही चुकते. मग तेच पाच श्लोक पुन्हा म्हणतो.