एस लावला की झालं?

वह्या बंद. पेनं खाली. सहामाहीचे पेपर काल रात्री तपासून झाले, आणि माझं लाल पेन एका अक्षरानं संपवलं. एस! 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'लगेजेस', 'होमवर्क्स'. कोशिंबिरीवर मीठ भुरभुरावं तसा भुरभुरलाय.

इंग्रजी अवघड म्हणून चुकलं, ही सबब मला सांगू नका. 'मला माहित्या हव्यात' असं घरी कधी म्हणालात? स्टेशनवर हमालाला 'एवढी सामानं उचला' असं सांगितलंत? नाही ना? मग इंग्रजीच्या तासाला येताना ही अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर का ठेवता?

'वन ऑफ माय फ्रेंड' तर निम्म्या वर्गानं लिहिलंय. 'माझ्या मित्रापैकी एक' असं मोठ्यानं म्हणून बघा. जीभ अडखळली? आपण 'मित्रांपैकी' म्हणतो. त्या 'त्रां'वरचा अनुस्वार, तोच तुमचा हरवलेला एस. नको तिथं पोतंभर ओतलात आणि हवा तिथं एक मिळाला नाही! पुढचं क्रियापद मात्र त्या एकट्या 'वन'चं. 'मित्रांपैकी एक पुण्यात राहतो', 'राहतात' नव्हे. 'द कॅटल इज ग्रेझिंग' लिहिणाऱ्यानं उभं राहून 'गुरं चरतंय' असं म्हणून दाखवावं.

मराठी कुठं दगा देते, तेही सांगते. आपण केस विंचरतो ते अनेकवचनी, म्हणून 'हर हेअर्स आर लाँग'. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एकच हेअर. आमटीत दोन निघाले तर टू हेअर्स. बातम्या ढीगभर असल्या तरी न्यूजला क्रियापद इज, शेवटी एस दिसतोय म्हणून फसायचं नाही. मॅथेमॅटिक्सचंही तेच. सल्ले शेजारीपाजारी शंभर देतील, इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस एकवचनीच; मोजायचाच असेल तर अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस. उलट कात्री एक, पण पाती दोन, म्हणून सिझर्स आर. विजारीला पाय दोन, म्हणून ट्राउझर्स.

आता पहिल्या बाकावरचे विद्वान. 'धिस क्रायटेरिया' कुणी लिहिलंय, मला ठाऊक आहे. एक असेल तर क्रायटेरिअन, अनेक असतील तर क्रायटेरिया. शब्द ग्रीकमधून आलेला. फिनॉमेनन आणि फिनॉमेना त्याचेच भाऊबंद. बॅक्टेरियाही अनेकच, एकटा सापडला तर बॅक्टेरिअम. 'डेटा इज' मी कापलेलं नाही, कारण हल्ली चांगली इंग्रजी वर्तमानपत्रंही तसं छापतात. अजेंडा तर लॅटिनमध्ये अनेकवचन, इंग्रजीत येऊन केव्हाच एकवचनी झाला. क्रायटेरियाला ही सवलत अजून मिळालेली नाही. तुम्ही ती परस्पर देऊ नका.

पेपर आत्ता वाटतेय. प्रत्येक लाल गोलाखाली आधी त्या वाक्याचं मराठी लिहायचं, मग सुधारलेलं इंग्रजी. उद्या पहिल्या तासाला वह्या टेबलावर हव्यात. आणि शेवटच्या बाकावर तोंड लपवून हसताय ते, 'हेअर्स' सर्वांत जास्त तुमच्याच पेपरांत निघालेत.