विकत घेणाराचें पाप

दुसऱ्यानें अन्यायानें निर्माण केलेली वस्तु आपण रोख पैसे देऊन घेतली, तर त्या अन्यायांत आपला वांटा आहे कीं नाहीं? हा प्रश्न इंग्लंडांतील लोकांपुढें साखरेनें आणून ठेविला.

इ. स. १७०० च्या सुमारास त्या देशांत दर माणशीं वर्षाला सुमारें ४ पौंड साखर खपे. १८०० च्या सुमारास ती १८ पौंडांवर गेली. श्रीमंतांची चैन मजुराच्याहि चहांत पडूं लागली. परंतु ती साखर जमेका, बार्बाडोस इत्यादि बेटांतून येई, आणि तेथें ऊंस तोडणारे व रस कढविणारे हे आफ्रिकेंतून जहाजांत कोंबून आणिलेले गुलाम व त्यांचीं मुलेंबाळें असत. इंग्लंडांतील एका सुवार्ताप्रसारक संस्थेच्या मालकीचा बार्बाडोसांत मळा होता. तेथेंहि गुलामच राबत.

१७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याची विल्बरफोर्स यांची सूचना पार्लमेंटानें १६३ विरुद्ध ८८ मतांनीं फेटाळिली. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स यांनीं एक पत्रक काढिलें. गिऱ्हाईक आहे म्हणूनच हा व्यापार चालतो, यास्तव वेस्ट इंडीजची साखर घेणेंच सोडावें, असें त्याचें तात्पर्य होतें. क्लार्कसन यांच्या अंदाजानें सुमारें तीन लाख माणसांनीं ती सोडिली. विल्यम केरी यांनीं १७९२ च्या आपल्या निबंधांत अशा कुटुंबांचा उल्लेख करून, साखरेचे वांचलेले पैसे सुवार्ताकार्यास द्यावे, असें सुचविलें. ज्यांनीं पुढें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें, तेच हे केरी.

कोणी म्हणेल, एका घरानें साखर सोडल्यानें गुलामाची बेडी तुटते काय? लगेच तुटली नाहीं, हें खरें. व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला. गुलामगिरी मोडण्याचा कायदा १८३३ सालीं झाला. पूर्ण मोकळीक मिळावयास १८३८ साल उजाडलें. दोन कोटि पौंडांची भरपाई मालकांस मिळाली. राबणाऱ्यांस एक पैहि नाहीं.

तथापि, वाचकहो, "माझ्या करण्यानें जग सुधारेल काय?" हा एक प्रश्न, आणि "हें मीं करावें काय?" हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आपल्या हातीं नाहीं, दुसऱ्याचें आहे. न कळत घेणारा व कळून घेणारा यांत भेद आहे; पण एकदां कळल्यावर न कळल्याचें सोंग करितां येत नाहीं. शिवाय ज्याचा हात बाजारांत आवरतो, त्याचा शब्द सभेंतहि वजनदार होतो. १७९२ सालीं त्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटाकडे ५१९ अर्ज गेले, ते उगीच नव्हेत.

म्हणून स्वस्त वस्तु हातीं घेतांना भाव विचारावा. आणि ती स्वस्त कां, हेंहि विचारावें.